नेट लावलं की कॉम्प्युटर हँग होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट जोडल्या-जोडल्या कॉम्प्युटर अडकतो आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही असा चालायला लागतो. या एका तक्रारीची इतकी रूपं सतत येत असतात की उत्तरं एका जागी ठेवणं बरं. ती मुख्यतः विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि ४ आधी वाचा. बाकीच्यांतले कोणते तुमच्या कामाचे, ते त्यावरून कळेल.

१. नेट जोडलं की दोन-तीन मिनिटं सगळं हँग होतं आणि मग आपोआप सुरळीत चालतं. नेमकं होतं काय?

वाय-फाय जोडलं गेलं की विंडोज आधी खातरजमा करतं. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून ते एक चिमुकली टेक्स्ट फाइल मागवतं. तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच शब्द असतात. ती मिळाली की 'इंटरनेट आहे' असं मशीनभर जाहीर होतं आणि तोवर दबा धरून बसलेले सगळे एकदम उठतात. विंडोज अपडेट आपली यादी तपासतं, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर नव्या व्हायरसच्या खुणा उतरवून घेतो, वनड्राइव्ह मशीनमधल्या फाइल्स ऑनलाइन प्रतींशी ताडून पाहतं, ब्राउझर स्वतःची नवी आवृत्ती शोधतो, गेमचा लाँचर जागा होतो. शिवाय प्रिंटरबरोबर गुपचूप येऊन बसलेला एखादा 'असिस्टंट' असतोच. यातल्या बहुतेकांना एकाच डिस्कवर वाचायचं-लिहायचं असतं. ती रांग ओसरली की मशीन मोकळं होतं.

नेट इथे फक्त शिट्टी वाजवतं. धावणारे आधीपासून मशीनमध्येच असतात. हे झालं सगळ्यात जास्त आढळणारं कारण. पण बिघडलेला ड्रायव्हर (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम), जुनी नेटवर्क ड्राइव्ह आणि मरायला टेकलेली डिस्क यांचीही लक्षणं वरवर अशीच दिसतात. त्यांच्याबद्दल प्रश्न १० पासून पुढे.

२. म्हणजे माझं नेट स्लो आहे का? जास्त स्पीडचा प्लॅन घेऊ?

नको. नेट स्लो असेल तर वेबपेज उशिरा उघडतं; स्टार्ट मेन्यू अडकत नाही. उलट नेट वेगवान झालं तर अपडेटचा डेटा आणखी जोरात येऊन त्याच थकलेल्या डिस्कवर आदळेल.

३. हँग झालाय म्हणजे नक्की काय झालंय, हे कसं ओळखू?

'हँग' या एका शब्दात चार निरनिराळे आजार येतात. पुढच्या वेळी मशीन अडकलं की पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा आणि त्याचा दिवा पाहा.

दिवा लागतोय-विझतोय आणि माउसचा बाणही हलतोय, पण क्लिक केलेलं उघडत नाही: मशीन जिवंत आहे, कामाखाली दबलंय. प्रश्न ४ कडे जा. दिवा लागतोय पण बाण झटके देत सरकतो: दोष निव्वळ माउसच्या जोडणीत असू शकतो, प्रश्न ११. एकच प्रोग्रॅम पांढरट पडतो आणि बाकी सगळं ठीक चालतं: प्रश्न १२ किंवा १३. दिवाही हलत नाही, बाणही नाही, चालू असलेला आवाज एकाच सुरावर घरघरत अडकतो: हे ड्रायव्हर किंवा हार्डवेअरचं लक्षण, प्रश्न १० आणि १४.

आणि घड्याळ लावा. 'बराच वेळ' या उत्तराचा कुणाला उपयोग नाही. ४० सेकंद की ४ मिनिटं, आणि दर वेळी तेवढीच की कमी-जास्त, यावरून निम्मं निदान होतं.

४. टास्क मॅनेजर उघडतो, पण त्यात काय बघायचं ते समजत नाही.

बहुतेक जण तो उशिरा उघडतात, हीच गडबड असते. मशीन अडकल्यावर टास्क मॅनेजरलाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. तो उघडेपर्यंत गर्दी पांगलेली असते आणि दिसतं काय, तर ३ टक्के सीपीयू.

असं करा. विमान मोड लावा, किंवा केबल असेल तर उपटा. मशीन रीस्टार्ट करून पाच मिनिटं काहीही न करता बसू द्या, म्हणजे सुरू होतानाची गडबड वेगळी पडेल. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'प्रोसेसेस'मध्ये 'डिस्क' या मथळ्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त खाणारे वर येतील. आता नेट जोडा आणि हात मांडीवर ठेवून नुसतं बघा. हवं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. नंतर थांबवून-थांबवून पाहता येतो.

वरच्या दोन-तीन ओळींत जी नावं येतील ती लिहून ठेवा. मग हेच 'सीपीयू' आणि 'मेमरी' या मथळ्यांवर क्लिक करून पुन्हा करा. तीनही आकडे शांत आणि तरी मशीन अडकलेलं असेल, तर ते कामाने दमलेलं नाही, कशाची तरी वाट पाहतंय. अशा वेळी प्रश्न १२. डिस्क १०० टक्के पण वेग शून्य असेल, तर प्रश्न १४.

५. डिस्क १०० टक्के दाखवतं, पण वेग पाहिला तर सेकंदाला २ एमबीसुद्धा नाही. हे कसं?

तो टक्का डिस्क किती वेळ व्यग्र होती ते सांगतो, तिने किती माल वाहिला ते नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, आणि सुई एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर न्यायला आणखी तेवढाच किंवा जास्त वेळ. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइल्स वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम ६०-७० उड्या. प्रत्येक उडीत ४ केबी हाती लागत असेल, तर एकूण कमाई पाव एमबीच्या आसपास. डिस्क जीव तोडून पळतेय आणि आकडा दिसतो केविलवाणा.

अपडेट, व्हायरस तपासणी आणि फाइल्स ताडणं, या तिघांचं काम नेमकं असंच विखुरलेलं असतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे ती सेकंदाला हजारोंनी अशा उड्या मारते.

६. मग रॅम वाढवू की एसएसडी घालू?

नेट जोडण्याआधी, ब्राउझर बंद असताना, 'मेमरी'चा आकडा पाहा. तो तेव्हाच ८० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम अपुरी आहे. ४ जीबीच्या मशीनवर हे हमखास दिसतं. विंडोज ११ ची किमान अट कागदावर ४ जीबीच आहे, पण त्यात विंडोज जेमतेम मावतं. वर काही उघडलं की मेमरीतला माल डिस्कवर उतरवावा लागतो आणि गाडी पुन्हा प्रश्न ५ वर येते. मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि एकच गोष्ट करता येणार असेल, तर मी डोळे मिटून एसएसडी सांगेन.

७. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' सगळ्यात वर दिसतं. ते कायमचं बंद करता येईल का?

हा विंडोजचा डिफेंडर. तो बंद करायच्या युक्त्या पुष्कळ फिरतात. एकही वापरू नका. बरेच दिवस नेट नसलेलं मशीन जोडलं की तो साचलेल्या खुणा उतरवतो आणि राहून गेलेली तपासणी उरकायला घेतो, म्हणून आवाज करतो. एकदा मशीन रात्रभर चालू ठेवा आणि त्याचं काम पुरं होऊ द्या. दुसऱ्या दिवशी फरक दिसतो.

दुसरा अँटीव्हायरस टाकलेला असेल तर डिफेंडर साधारणपणे स्वतःहून मागे सरतो. पण मुदत संपलेला एक, चालू असलेला एक आणि कुणीतरी 'क्लीनर' म्हणून टाकलेला तिसरा, असे तीन पहारेकरी एकाच फाइलवर झडप घालताना मी पाहिलेत. एक ठेवा, बाकीचे काढा. काढल्यानंतरही मागे ड्रायव्हर उरतात. त्यासाठी बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या स्वतःचं काढणीचं साधन देतात, ते चालवा.

८. विंडोज अपडेटच बंद करून टाकलं तर?

तात्पुरतं थांबवा. सेटिंग्जमधून अपडेट ५ आठवड्यांपर्यंत रोखता येतं. त्याहून उपयोगी म्हणजे त्या वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करणं. नेट मोजून-मापून आहे असं कळलं की विंडोज बहुतेक मोठे डाउनलोड लांबवतं आणि वनड्राइव्हही थांबतं. ही फार सोपी चाचणीसुद्धा आहे: मीटर्ड केल्यावर हँग होणं थांबलं, तर कारण बहुधा अपडेट किंवा वनड्राइव्ह यांपैकीच काहीतरी. पण तसंच विसरून जाऊ नका. आठवड्यातून एकदा ते काढून मशीन निवांत चालू ठेवा.

विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे लक्षात असू द्या.

९. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह यांचं काय करायचं?

दोन्ही एकाच फोल्डरवर लावलेली नाहीत ना, ते आधी पाहा. दोघं एकमेकांनी केलेले बदल पाहून पुन्हा-पुन्हा कामाला लागतात. बाकी, चिन्हावर क्लिक करून सिंक काही तासांसाठी थांबवता येतं. थांबवून फरक पडला तर उत्तर मिळालं. एकाच फोल्डरात हजारो बारीक फाइल्स असतील, तर त्यांची एक झिप करून ठेवल्याने बराच भार उतरतो.

१०. केबल लावली तर काही होत नाही. वाय-फाय जोडलं की मात्र हँग. हे वेगळं आहे का?

हो, आणि तुम्ही अर्धं काम केलंय. दोन्हींवर गर्दी तीच असते, म्हणजे गर्दी हे कारण नाही; वाय-फायचं कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर संशयित. केबल नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट देऊन पाहा, हीच परीक्षा होते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली कार्ड सापडेल. अडकणं एखाद्या अपडेटनंतर सुरू झालं असेल, तर ड्रायव्हरच्या टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरा. ते बटण पुसट असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणारे प्रोग्रॅम टाळा. मग 'पॉवर मॅनेजमेंट'च्या टॅबमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देणारी खूण काढा. काही कार्डं त्या झोपेतून उठताना अडखळतात.

पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'विंडोज लॉग्ज'खालच्या 'सिस्टम'मध्ये अडकण्याच्या वेळेची नोंद पाहा. एनडीआयएस (विंडोजचा नेटवर्क सांभाळणारा भाग) या नावाने १०४०० क्रमांकाची नोंद असेल, तर नेटवर्क कार्ड त्या क्षणी स्वतःला रीसेट करत होतं.

११. नेट जोडलं की फक्त माउस झटके देतो. बाकी ठीक आहे.

माउस ब्लूटूथचा किंवा छोट्या रिसीव्हरचा आहे ना? तो आणि वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वाय-फायवर डाउनलोड जोरात सुरू झालं की माउसचा आवाज त्यात बुडतो. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर जोडून पाहा. यूएसबी ३ चं उपकरणही याच पट्ट्यात गोंगाट करतं. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर सविस्तर लिहिलंय. रिसीव्हर बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये खोचलेला असेल, तर दुसऱ्या बाजूला लावा. तारेचा माउस पाच मिनिटं लावून पाहणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी.

१२. फाइल एक्सप्लोरर उघडला की वरची हिरवी पट्टी सरकत राहते. सीपीयू-डिस्क दोन्ही शांत.

'धिस पीसी'मध्ये लाल फुलीची एखादी ड्राइव्ह दिसते का? कधीतरी ऑफिसच्या सर्व्हरला किंवा घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेली ड्राइव्ह. नेट नसताना विंडोज तिला लगेच सोडून देतं. नेट आलं की मात्र 'आता सापडेल' या आशेने शोधत बसतं, आणि तिकडून नकारही येत नसल्यामुळे मुदत संपेपर्यंत थांबतं. त्या ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करा.

लाल फुली नसली तरी 'क्विक अॅक्सेस'मध्ये अशा जागेचा शॉर्टकट उरलेला असू शकतो. माझ्याच लॅपटॉपवर मी दोन संध्याकाळी ड्रायव्हर उलटेपालटे केले होते. शेवटी निघालं काय, तर कधीच भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरवरच्या 'फोटो' नावाच्या फोल्डरचा पिन. अनपिन केला, संपलं.

१३. फक्त ब्राउझर अडकतो, तोही सुरुवातीचा मिनिटभर.

सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' शोधा. प्रॉक्सी म्हणजे नेटची ये-जा ज्याच्यातून होते असा मधला सर्व्हर. कंपनीच्या नेटवर्कवर नसाल, तर 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' बंद करून पाहा. नसलेल्या प्रॉक्सीचा शोध काही नेटवर्कवर वेळ खातो. तिथे स्वतः न घातलेला प्रॉक्सीचा पत्ता दिसला, तर सरळ प्रश्न १५ वर जा. मग ब्राउझर खाजगी खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सहसा बंद असतात, म्हणून तिथे नीट चालला तर दोष एक्स्टेन्शनचा असण्याची शक्यता मोठी. आणि मागच्या वेळचे ४० टॅब एकदम उघडायला लावले असतील, तर ब्राउझरला बोल लावू नका.

१४. दर वेळी साधारण अर्धा मिनिट किंवा मिनिटभर सगळं गोठतं आणि मग एका झटक्यात सुटतं. डिस्क १०० टक्के, वेग शून्य.

हे वाचताय तर आधी महत्त्वाच्या फाइल्सची दुसरीकडे प्रत काढा, मग पुढचं वाचा.

गर्दीमुळे झालेलं अडकणं कधी छोटं, कधी मोठं असतं. ठरावीक लांबीचं अडकणं म्हणजे कुठलीतरी मुदत संपणं: विंडोजने डिस्ककडे काही मागितलं, उत्तर आलं नाही, ठरलेला वेळ थांबून त्याने डिस्क रीसेट केली आणि ती पुन्हा बोलायला लागली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याची १२९ क्रमांकाची नोंद होते, 'रीसेट टू डिव्हाइस' अशा मजकुराची. सोबत 'डिस्क' या नावाने ७ क्रमांकाची नोंद असेल, तर खराब ब्लॉक सापडलेत.

नेटशी संबंध इतकाच की नेट जोडल्यावर डिस्कवर काम पडतं आणि तिचं दुखणं बाहेर येतं. डेस्कटॉप असेल तर डिस्कची केबल काढून घट्ट बसवा. नुसत्या सैल केबलनेही १२९ येतो. एसएसडी असेल तर तिच्या फर्मवेअरचं (तिच्या आतल्या प्रोग्रॅमचं) अपडेट पाहा, आणि पॉवर प्लॅनमधली पीसीआय एक्स्प्रेसची वीजबचत बंद करून पाहा. ७ क्रमांकाची नोंद वाढत असेल, तर डिस्क बदला.

१५. टास्क मॅनेजर उघडला की मशीन लगेच सुधारतं! बंद केला की पुन्हा पंखा जोरात.

एकदा झालं तर योगायोग. दर वेळी होत असेल, तर तुमच्या मशीनवर कुणीतरी चोरून क्रिप्टो नाणी खणत असण्याचा दाट संशय आहे. असे प्रोग्रॅम नेट मिळाल्यावरच कामाला लागतात आणि काही तर टास्क मॅनेजर दिसला की दडून बसतात. विंडोज सिक्युरिटीमधलं 'ऑफलाइन स्कॅन' चालवा: मशीन रीस्टार्ट होऊन, विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, सुमारे १५ मिनिटं लागतात. त्यानंतर क्रॅक केलेलं कुठलं सॉफ्टवेअर टाकलं होतं, ते प्रामाणिकपणे आठवा आणि काढा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला.

१६. सेफ मोड विथ नेटवर्किंगमध्ये हँग होत नाही. पुढे काय करू?

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरते भाग चालवतं, म्हणजे त्याचा गाभा धड आहे. नंतर आलेला कुणीतरी गोंधळ घालतोय. 'सिस्टम कॉन्फिगरेशन' उघडा, 'सर्व्हिसेस'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवायची खूण आधी करा (ही विसरलात तर भलतंच बंद होईल), उरलेल्या सगळ्या बंद करा, टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपही बंद करा. नेहमीसारखं रीस्टार्ट करून नेट जोडा.

हँग झाला नाही, तर निम्म्या सर्व्हिसेस चालू करा. झाला तर दोषी या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. पुन्हा त्याचे निम्मे. ३२ सर्व्हिसेस असल्या तरी पाच रीस्टार्टमध्ये एकट्यापर्यंत पोचता. एकेक करत गेलात तर रविवार जाईल.

१७. नेटवर्क रीसेट करा, आयपीव्ही६ बंद करा, रजिस्ट्री साफ करा, असं सगळीकडे सांगतात. करू का?

नेटवर्क रीसेट जुना व्हीपीएन किंवा काढलेला अँटीव्हायरस मागे कचरा सोडून गेला असेल तर खरंच कामी येतो. त्याने वाय-फायचे सगळे पासवर्ड आणि व्हीपीएनच्या जोडण्या पुसल्या जातात, तेवढे आधी लिहून ठेवा. आयपीव्ही६ला (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) हात लावू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार; ती साफ करणाऱ्या प्रोग्रॅमनी हा त्रास गेल्याचं मी पाहिलेलं नाही. नवे त्रास आलेले पाहिलेत.

१८. माझ्याकडे रायझनचा डेस्कटॉप आहे. नेट असो-नसो, मधूनच एक-दोन सेकंद आवाजासकट अडकतो.

मग नेटला सोडा. एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं होतं की काही रायझन मशीनवर प्रोसेसरमधला एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) मदरबोर्डवरच्या चिपशी बोलताना मशीन क्षणभर अडकतं. त्यावर उपाय म्हणून बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलं. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर त्यानंतरचं बायोस शोधा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला हात लावू नका, नाही तर स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप.

१९. कंटाळलो. फॉरमॅट मारू का?

प्रश्न १० आणि १४ मधलं काही निघालं असेल तर फॉरमॅटने काही होणार नाही. प्रश्न ५ असेल, तर नव्या विंडोजवर पहिले एक-दोन दिवस अपडेटचा पूर आणखी मोठा असेल. फॉरमॅट कामी येतो तो १५ मध्ये, किंवा १६ करूनही दोषी सापडला नाही तर.

२०. रिपेअरवाल्याकडे न्यायचं ठरवलंय. त्याला काय सांगू?

'नेट लावलं की हँग होतो' असं सांगितलंत तर तो फॉरमॅट मारून देईल. त्याऐवजी एक चिठ्ठी द्या, साधारण अशी:

'जोडल्यानंतर २० सेकंदांनी अडकतो, दर वेळी अंदाजे एक मिनिट. कॅप्स लॉकचा दिवा चालतो. वाय-फाय, केबल, मोबाइल, तिन्हींवर होतं. मीटर्ड केलं तर कमी होतं, जात नाही. डिस्क १०० टक्के, वेग शून्य. सिस्टम लॉगमध्ये १२९ च्या सहा नोंदी, अडकण्याच्या वेळेशी जुळणाऱ्या. फाइल्सची प्रत काढलेली आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.'